अंदाजपत्रकात आपली मजुरी कुठे आहे?

बचत गटाच्या बैठकीत धंद्याचा विषय निघाला की एक ठरलेली यादी पुढे येते. पापड, लोणची, मसाला, सुकी मासळी, शिवणकाम. ही कामे कमी प्रतीची आहेत असे मला म्हणायचे नाही. पण ही यादी कोणी केली, हे आपण कधी विचारतो का? बाई घरात जे फुकट करते तेच तिने बाजारात स्वस्तात विकावे, एवढाच विचार तिच्यामागे आहे. म्हणून अलिबाग-मुरूड पट्ट्यातल्या काही बाया ‘आम्हाला रंगकामाचे कंत्राट घ्यायचे आहे’ असे म्हणू लागल्या तेव्हा मला फार बरे वाटले. त्यांच्याबरोबर बसून कर्जाचे अर्ज आणि अंदाजपत्रके लिहिण्याचे काम मी करते. या कागदांत एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा खटकते. माल, शिडी, टेम्पोचे भाडे, इतरांची मजुरी असे सगळे खर्च लिहिलेले असतात. जिच्या नावाने अर्ज आहे तिची स्वतःची मजुरी मात्र कुठेच नसते. विचारले तर उत्तर येते, ‘ताई, मी तर घरचीच. माझे काय धरायचे?’

या एका वाक्याबद्दल मला लिहायचे आहे.

आधी हा धंदा आपल्या किनाऱ्यावर का चालतो ते पाहू. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे इथल्या भिंती लवकर खराब होतात. जांभ्याच्या चिऱ्याला ओल येते, गिलाव्याला लोणा लागतो, उत्तरेकडच्या भिंतीवर शेवाळ धरते, खिडक्यांचे लोखंड गंजते. मुंबईकरांचे बंगले तर आता मांडवा, किहीम, नागावपासून रेवदंडा-काशिदपर्यंत पसरले आहेत. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, आणि ही ये-जा आणखी सोपी झाली. गावातल्या घरांनीही पर्यटकांसाठी दोन-दोन खोल्या काढल्या आहेत. त्यांनाही दिवाळीच्या सुट्टीआधी घर लखलखीत लागते. आणि गणपतीआधी आतून एक हात मारल्याशिवाय तर कोकणातले घर राहातच नाही. काम आहे, आणि ते दर दोन-चार वर्षांनी परत येणारे आहे.

या कामावर बाया आजही आहेतच. जुना रंग खरवडणे, भिंती धुणे, पॉलिश पेपर मारणे, पाणी भरणे, शेवटी फरशीवरचे डाग घासून काढणे हे सगळे त्याच करतात. रंगाचा दर्जा निम्म्याहून अधिक या पूर्वतयारीवर ठरतो, हे कोणताही जुना रंगारी सांगेल. तरी तिला ‘बिगारी’ म्हणतात आणि ब्रश हातात असलेल्या पुरुषाला ‘कारागीर’. मजुरीतला फरक या दोन शब्दांवर उभा आहे. समान वेतनाचा कायदा देशात १९७६ साली आला, तेच तत्त्व २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. पण कायदा ‘समान किंवा समान स्वरूपाच्या कामाला’ समान वेतन म्हणतो, आणि कामाला वेगळे नाव दिले की त्यातून सुटता येते. बाईने ब्रश हातात घेणे आणि कंत्राट स्वतःच्या नावावर घेणे हा या पळवाटेवरचा खरा उपाय आहे.

इथे काही मैत्रिणी आक्षेप घेतील. आपण कष्टकऱ्यांच्या बाजूच्या. बायांना ठेकेदार व्हायला कसे शिकवायचे? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ठेकेदार होणे म्हणजे दुसरीच्या श्रमातला वाटा खिशात घालणे असेल तर ते आपल्याला नकोच. पण आज कंत्राट कोणाच्या तरी हातात आहेच, आणि तो कोणाला किती देतो हे कोणी पाहात नाही. चौघी-पाचजणींनी मिळून काम अंगावर घेतले, सर्वांचा रोज एकच ठेवला, आणि हिशेबाची वही सर्वांना उघडी ठेवली, तर तो वेगळा ठेका आहे. केरळात कुटुंबश्रीच्या गटांनी घरबांधणीची कामे अशी अंगावर घेतली आहेत. झारखंडात गावोगाव शौचालये बांधता बांधता बाया गवंडी झाल्या, त्यांना ‘रानी मिस्त्री’ म्हणतात. आपल्याकडे मुंबईत प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा गिरणी कामगारांच्या खाणावळी चालवणाऱ्या बाया सावकाराच्या तावडीत होत्या. त्या रोज डबे करत, पण त्यांना कोणी धंदेवाली म्हणत नसे. आधी त्यांच्या कामाला धंदा म्हटले गेले, मग बँकेचे दार उघडले.

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे येऊ. खालचे दर समजायला सोपे जावे म्हणून धरलेले आहेत. आपापल्या गावच्या दुकानात आणि नाक्यावर विचारून ते बदलून घ्यावेत. एका बंगल्याच्या बाहेरच्या भिंती ३,००० चौरस फूट आहेत. भिंती धुऊन, भेगा भरून, प्रायमरचा एक हात आणि रंगाचे दोन हात द्यायचे आहेत. बाहेरचा रंग दोन हातांना लिटरमागे ५०-६० चौरस फूट जातो, म्हणजे ५०-६० लिटर रंग. प्रायमर साधारण ३० लिटर. भेगा भरायचा माल, शेवाळनाशक, पॉलिश पेपर, प्लॅस्टिक धरून माल २५,००० रुपये. परांची भाड्याने आणि टेम्पो मिळून ७,०००. चौघी आठ दिवस काम करणार, रोज ७०० रुपये, म्हणजे ३२ रोजांचे २२,४००. एकूण ५४,४००.

आता ‘मी घरचीच’ असे म्हणून कंत्राटदारीण आपले आठ रोज सोडून देते. तिघींची मजुरी १६,८००, आणि खर्च दिसतो ४८,८००. ती मालकाला ५५,००० सांगते. दुसरा ठेकेदार ५८,००० मागतो, म्हणून काम तिला मिळते, आणि शेवटी ६,२०० रुपये हातात राहिले म्हणून ती खूष होते. पण तिचे आठ रोज भिंतीवर गेले. शिवाय मोजमाप घेणे, दर काढणे, दुकानातून माल आणणे, बिलासाठी दहा फोन करणे यात आणखी पाच दिवस गेले. तेरा दिवसांची मजुरी ९,१०० होते. म्हणजे स्वतःचे कंत्राट घेऊन ती मजुरीपेक्षा २,९०० रुपयांनी खाली गेली. दुसऱ्याकडे रोजाने गेली असती तर जास्त मिळाले असते, आणि उधारीची काळजीही नसती.

हेच अंदाजपत्रक सरळ लिहू. पहिल्या ओळीत तिची मजुरी: भिंतीवरचे आठ आणि धावपळीचे पाच, असे तेरा रोज, ९,१००. मग तिघींची १६,८००. मग माल २५,०००, परांची-टेम्पो ७,०००. बेरीज ५७,९००. ब्रश-रोलर झिजतात, शिडी जुनी होते, मास्क संपतात, कर्जाला व्याज असते, फोन असतो. त्यासाठी १० टक्के, म्हणजे ५,८००. झाले ६३,७००. त्यावर धंद्याचा नफा ६,३००. मालकाला सांगायची रक्कम ७०,०००, म्हणजे चौरस फुटाला सुमारे २३ रुपये. ५५,००० आणि ७०,००० यांतले १५,००० रुपये म्हणजे आपण न मोजलेले श्रम आणि न मोजलेली झीज.

‘एवढा दर सांगितला तर काम कोण देईल? आधी शिरकाव तर होऊ दे,’ असे मला नेहमी ऐकवले जाते. शिरकावासाठी एखादे काम कमी नफ्यात घ्या, माझे काही म्हणणे नाही. नफ्याची ओळ शून्य करा. मजुरीची ओळ शून्य करू नका. कारण कमी दर एकदा तोंडातून गेला की तोच ‘बायकांचा दर’ होऊन बसतो. पुढच्या बंगल्याचा मालक तोच दर सांगतो, आणि मग त्या दरात बसण्यासाठी कोणाची मजुरी कापली जाते? सोबतच्या तिघींची. आपली मजुरी न मोजणारी बाई दुसरीची मजुरीही नीट मोजत नाही, हे कटू असले तरी खरे आहे.

धंदा सुरू करण्याच्या खर्चातही असाच एक मोठा खर्च लपून राहातो. आपण अवजारांची यादी करतो: दोन अ‍ॅल्युमिनियमच्या शिड्या १२,०००, ब्रश-रोलर-पट्ट्या ६,०००, बादल्या-प्लॅस्टिक-टेप २,५००, रंग ढवळायचे ड्रिल ३,५००, भिंत धुवायचा पाण्याचा पंप ९,०००, चौघींचे हेल्मेट, पट्टे, चष्मे, मास्क ८,०००, पावतीपुस्तक, शिक्का, पाटी ३,०००. बेरीज ४४,०००. ‘मुद्रा’ योजनेत २०१५ पासून ‘शिशु’ वर्गात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळते, म्हणून आपण तेवढेच मागतो आणि बाईला बँकेतून हसतमुखाने परत आणतो. पण त्यातले ४४,००० अवजारांत गेले. मग पहिल्या कामाचा माल कशावर आणायचा?

वरच्या कामात माल, परांची आणि चौघींची मजुरी मिळून ५४,४०० रुपये बिल मिळण्याआधी खर्च होतात. मालकाने २१,००० आगाऊ दिले तर ३३,४०० अडकून पडतात. मालक मुंबईला, ‘पुढच्या शनिवारी येतो तेव्हा देतो’ म्हणता म्हणता महिना जातो. दरम्यान दुसरे काम घेतले तर ६६,८०० अडकले. इथेच बाई आठवड्याच्या हप्त्याचे कर्ज उचलते, नाहीतर मंगळसूत्र काढून देते. खेळते भांडवल न लिहिलेले अंदाजपत्रक तिला त्या दारात नेऊन सोडते. म्हणून कर्ज मागायचेच तर ‘किशोर’ वर्गातले, ५० हजारांच्या वरचे मागावे, आणि अर्जात अवजारे आणि खेळते भांडवल अशा दोन वेगळ्या रकमा लिहाव्यात.

त्याहून चांगला उपाय कागदावरच्या अटींचा आहे. ७०,००० च्या कामात ४० टक्के माल आणण्याआधी, ३० टक्के प्रायमर झाल्यावर, २० टक्के काम संपताच आणि १० टक्के आठ दिवसांनी, असे ठरवून दोन्हीकडच्या सह्या घेतल्या तर पहिल्या दोन हप्त्यांतच ४९,००० हातात येतात. मग अडकतात फक्त ५,४००. जी अट लिहून घ्यायला एक कागद लागतो, ती २८,००० रुपयांच्या कर्जाचे काम करते. पुरुष ठेकेदार अशा अटी घालतात आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही. बाईने घातल्या की ‘विश्वास नाही का?’ असे विचारले जाते. विश्वासाला घाबरू नका, सही घ्या. आणि मालकाने स्वतःच माल आणून द्यायचा म्हटले तर आनंदाने मजुरीवर काम घ्या; सुरुवातीला तेच सोयीचे.

मग पावसाळा. जून ते सप्टेंबर बाहेरचे काम बंद. गणपतीआधी आतली थोडी कामे मिळतात, तीही ओल सुकेल तशी. समजा वर्षात १६० दिवस काम मिळाले आणि घराला महिन्याला १२,००० लागतात. वर्षाचे १,४४,००० या १६० दिवसांतच मिळवायचे, म्हणजे रोज ९०० पडायला हवा. आपण तर ७०० धरला. वरच्या कामातल्या ३७ रोजांना हा २०० चा फरक द्यायचा म्हटला तर ७,४०० लागतात, नफ्याचे ६,३०० सुद्धा पुरत नाहीत. ज्याला आपण नफा म्हणतो तो खरे तर पावसाळ्यातला भात आहे. कर्जाच्या हप्त्याला पावसाळा कळत नाही. म्हणून हप्ते ऑक्टोबर ते मे असे बांधून द्या, अशी मागणी अर्ज करतानाच बँकेकडे लेखी करावी. पाऊस दरवर्षीचा, पण ३ जून २०२० सारखा दिवसही येतो. निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा घरांची छपरे उडाली, श्रीवर्धनकडच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. अशा दिवसासाठी दर कामातून थोडी रक्कम गटाच्या खात्यात वेगळी टाकणे हाही खर्चच समजावा.

बाईच्या अंदाजपत्रकात आणखी काही ओळी असतात, ज्या पुरुषाच्या अंदाजपत्रकात नसतात. एकट्या बंगल्यात मोजमाप घ्यायला एकटीने जायचे नाही, दोघींनी जायचे. दुसरीचा अर्धा रोज धरा. कामाच्या जागी संडास आणि पिण्याचे पाणी वापरू देण्याची अट कागदात घाला. बंगल्यात चार संडास असतात आणि काम करणारी बाई दिवसभर पाणी न पिता राहाते, ही आपल्या किनाऱ्यावरची रोजची गोष्ट आहे. लहान मूल असेल तर त्याला सांभाळणारीचे पैसे लिहा. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा असंघटित क्षेत्रालाही लागू आहे आणि जिथे दहापेक्षा कमी माणसे काम करतात तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, हे गटातल्या प्रत्येकीला माहीत हवे.

आरोग्याचे तसेच. रंगाऱ्याचे काम कर्करोगाला कारण ठरू शकते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८९ सालीच नोंदवले आहे. घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमहून जास्त नसावे हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा ऑइल पेंट जुन्या दारा-खिडक्यांवर अजून आहे. तो कोरडा खरवडला की धूळ नाकातोंडात जाते, आणि शिसे पोटातल्या बाळालाही अपाय करते. आणि खरवडायचे काम कोणाकडे असते? बिगारी बाईकडे. तेव्हा पदर तोंडाला बांधून भागवू नका. चांगले मास्क घ्या, पृष्ठभाग ओला करून घासा, गरोदर बाईला हे काम देऊ नका, आणि त्या दिवसांत तिला दुसरे काम देण्याची सोय ठेवा.

एक धोका मात्र घरातूनच येतो. स्त्रियांसाठी सवलत आली की कागदावर तिचे नाव आणि धंदा त्याचा, असे होते. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण स्त्रीला ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवले गेले, तेव्हा असे उसन्या नावाचे अर्ज भरायला नवरे, दीर, दलाल सगळेच पुढे आले. हप्ता थकला की नोटीस मात्र तिच्या नावाने येते. म्हणून अर्ज लिहिताना मी चार प्रश्न विचारते. दर कोण ठरवणार? माल आणायला दुकानात कोण जाणार? रंगाच्या डब्यातल्या कूपनचे पैसे कोणाच्या वहीत येणार? खात्यातून पैसे कोणाच्या सहीने निघणार? चारही उत्तरे ‘मी’ अशी येईपर्यंत अर्ज पुढे जाऊ नये. नवरा चांगला रंगारी असेल तर त्याने जरूर काम करावे, तिच्या हजेरीपटावर, इतरांइतक्याच रोजावर.

हजेरीपटाचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. बांधकाम कामगार कल्याण मंडळात नाव नोंदवायला गेल्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रंगकाम त्यात मोडते. पण वर्षानुवर्षे भिंती घासणाऱ्या बायांना ठेकेदार हा दाखला देत नाहीत, कारण त्यांच्या वहीत तिचे नावच नसते. कंत्राटदारीण बाई असेल तर तिने हजेरी लिहावी आणि दाखला द्यावा. ठेकेदार झालेल्या बाईने आपल्या चळवळीचे देणे फेडायचे असेल तर ते असे.

अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे संप केला, जमिनी पडीक ठेवल्या. कष्ट कोणाचे आणि खंडात धान्य किती जाते, हा हिशेब त्यांनी मांडला आणि खोताला मांडायला लावला. त्या मातीतल्या लेकीसुनांना हिशेब शिकवावा लागत नाही. त्यात स्वतःला धरायला तेवढे शिकायचे आहे. घरकामाचे मोल नाही म्हणून आपण इतकी वर्षे बोलतो आहोत. तेच बिनमोल श्रम आपल्याच मदतीने लिहिलेल्या कर्जाच्या अर्जात येत असतील तर भाषणांचा उपयोग काय?

म्हणून गटांना आणि संघटनांना माझी सूचना आहे. यापुढे कोणत्याही धंद्याचे अंदाजपत्रक, रंगाचे असो की मसाल्याचे, तपासताना पहिली ओळ पाहा. तिथे अर्जदार बाईची मजुरी, किती रोज आणि काय दराने, हे लिहिलेले नसेल तर कागद परत करा आणि तिच्याबरोबर बसून ती ओळ लिहा. त्यानंतरही धंदा फायद्याचा दिसला तर कर्ज काढा. दिसला नाही, तर तो धंदा आतापर्यंत तिच्या फुकटच्या कष्टांवरच उभा राहणार होता, एवढे तरी कर्ज घेण्याआधी कळेल.